नक्कल फसते तेव्हा

१९९६ साली पुण्यात आमच्या होस्टेलवर चौघांत मिळून एक गिटार होती. नव्याने शिकणाऱ्याच्या हातात ती आली की आधी एकच गाणं शिकवलं जायचं, ओएसिसचं 'वंडरवॉल'. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावायचा, अनामिका आणि करंगळी खालच्या दोन बारीक तारांवर रोवायची आणि गाणं संपत येईपर्यंत हलवायचीच नाही. उरलेली दोन बोटं जाड तारांवर जागा बदलत राहतात, कॉर्ड बदलतात, आणि आठवड्याभरात पोरगं होस्टेलच्या गच्चीवर कलाकार म्हणून मिरवायला लागतं.

सुट्टीत घरी तेच वाजवत बसलो होतो. आत्या आत पोळ्या लाटत होती. ती वीसेक वर्षं गाणं शिकलेली, इंग्रजी गाण्यांच्या वाटेला कधी न गेलेली. आतूनच म्हणाली, "अरे, कॉर्डी बदलतोयस खरा, पण मागे तंबोरा कुठला वाजतोय?"

तंबोरा त्या दोन न हलणाऱ्या बोटांत होता. मेजर स्केल धरून पाहिलं तर ते दोन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम. खाली कॉर्ड बदलत राहतात, वर सा आणि प जागचे हलत नाहीत. ओएसिसच्या नोएल गॅलाघरने तंबोऱ्याचा विचार केला असेल असं मला मुळीच वाटत नाही. बोटांना सोपं पडतं म्हणून त्याने तसं धरलं असणार. पण 'वंडरवॉल' हे नाव आलं कुठून, याचा माग काढत गेलो तर वाट थेट मुंबईच्या फोर्टात निघते.

जानेवारी १९६८. फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन दिग्दर्शक जो मासोच्या 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी संगीत ध्वनिमुद्रित करत होता. आशिष खाँ सरोदवर, शिवकुमार शर्मा संतूरवर, महापुरुष मिश्रा तबल्यावर, एस. आर. केंकरे बासरीवर. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचं यंत्र कलकत्त्याहून आणवलेलं. स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. हॅरिसननेच पुढे सांगितलंय की नीट कान दिला तर काही तुकड्यांत खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. याच मुक्कामात बीटल्सच्या 'द इनर लाइट'चा वाद्यमेळही झाला. नोव्हेंबरात 'वंडरवॉल म्युझिक' बाहेर आलं, बीटल्सच्या स्वतःच्या अ‍ॅपल कंपनीची पहिली लाँगप्ले. सत्तावीस वर्षांनी मँचेस्टरच्या नोएलने त्या तबकडीचं फक्त नाव उचललं. आतलं संगीत उचललं असतं तर ब्रिटिश गिटार पॉपचा इतिहास जरा वेगळा झाला असता, असं मला अधूनमधून वाटतं.

ब्रिटनच्या गिटार पॉपबद्दल बोलताना 'हे मूळचं की उचललेलं' हा प्रश्न सुटत नाही. जुलै २०२५ मध्ये ओएसिस सोळा वर्षांनी पुन्हा उभा राहिला, कार्डिफचं स्टेडियम भरलं, आणि त्याबरोबर तीस वर्षांपूर्वीचं भांडणही परत आलं: हे लोक थोर, की बीटल्सची झेरॉक्स? मला तो प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. उचलेगिरी सगळ्यांनी केली. कुणाला ती नीट जमली आणि कुणाची फसली, हे बघायला पाहिजे. या संगीतात जे खरोखर नवं आलं, त्यातलं बरंचसं फसलेल्या नकलेतून आलं आहे.

सुरुवातच बघा. १९५६ च्या जानेवारीत लॉनी डोनेगन नावाच्या ग्लासगोत जन्मलेल्या पोराचं 'रॉक आयलंड लाइन' ब्रिटनभर वाजू लागलं. गाणं अमेरिकन तुरुंगांतून फिरत आलेलं, लेड बेलीने गाजवलेलं. डोनेगनने ते नाकातून, अमेरिकन हेल काढत, वेग वाढवत गायलं. नक्कल म्हणून ती फारशी बरी नव्हती. पण तिच्या मागोमाग देशभरात पोरांनी स्वस्त गिटारी घेतल्या, आईचा कपडे घासायचा पत्रा वाजवायला घेतला, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून त्याचा बेस केला. या प्रकाराला स्किफल म्हणत. लिव्हरपूलचा जॉन लेनन नावाचा शाळकरी मुलगा असाच एक जथा घेऊन ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत वाजवत होता, आणि तिथे पॉल मॅकार्टनीशी त्याची गाठ पडली.

अंतराचा परिणाम इथे दिसतो. या पोरांना अमेरिका ऐकू येत होती, दिसत नव्हती. तबकडीवरचा गिटारवाला बोटं कशी टाकतो हे सांगणारं कुणी नव्हतं. कानाने अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला की ती चूक तुमची स्वतःची.

बीटल्सच्या पहिल्या अल्बमात चौदा गाणी आहेत. त्यांतली सहा दुसऱ्यांची. दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात उरकली. लेननला सर्दी झालेली. 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यानंतर गळा उरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेतल्या आयली ब्रदर्सनी ते आदल्याच वर्षी गाजवलं होतं, गुळगुळीत, नाचरं. लेननने ते फाटलेल्या गळ्याने एका दमात फेकलं. आयलींची नक्कल म्हणून मार्क द्यायचे तर तो नापास. पण पुढे साठ वर्षं रॉक गायक ज्या फाटक्या आवाजाचा पाठलाग करत आले, त्याच्या मुळाशी त्या रात्रीचा हा बसलेला घसा आहे.

याहून मजेदार नमुना पुढच्या वर्षीचा. नोव्हेंबर १९६४ मध्ये आलेल्या 'आय फील फाइन'ची गिटारवरची धून, जिला हे लोक रिफ म्हणतात, बॉबी पार्कर या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकाच्या १९६१ च्या 'वॉच युअर स्टेप'वरून घेतलेली. लेननने ते कधी लपवलं नाही. पण त्या रिफच्या आधी, गाण्याच्या अगदी तोंडाशी, एक स्वर घोंगावत वर येतो. अँपच्या फार जवळ गेलेल्या गिटारने केलेली ती तक्रार आहे. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर नेला की जी शिट्टी वाजते आणि ध्वनिक्षेपकवाला धावत येतो, तीच. स्टुडिओत असा आवाज आला की अभियंता टेप थांबवतो. बीटल्सनी तो गाण्यात ठेवला. दोन-सव्वादोन मिनिटांच्या एका गाण्यात पुढची धून उसनी आणि मागचा आवाज कोरा. आता या गाण्याला कोणत्या रकान्यात टाकणार?

त्याच वर्षी लंडनमध्ये किंक्स या गटाच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या टीचभर हिरव्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला आणि 'यू रिअली गॉट मी'चा खरखरीत आवाज मिळवला. त्याच्याकडे महागडा अँप असता तर बहुधा फाडला नसता.

मग १९६५ येतं. हे वर्ष मुंबईकराने जरा थांबून पाहावं असं आहे.

जानेवारीत किंक्स ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबले. रे डेव्हिसने नंतर अनेकदा सांगितलं की पहाटे समुद्राकाठी कामावर निघालेल्या मच्छीमारांचं गाणं त्याच्या कानावर पडलं आणि डोक्यातून गेलं नाही. ते कोणत्या बंदरावरचे होते, काय गात होते, याची नोंद कुणी केली नाही. आपल्या कोळीगीतांच्या इतिहासात त्या पहाटेला जागा नाही, आणि ती द्यायचं कारणही नाही. ते लोक रोजच्यासारखे गात होते. पण जुलैमध्ये किंक्सचं 'सी माय फ्रेंड्स' आलं. त्यात सतार नाही, तंबोरा नाही. गिटारच एका स्वरावर घुमत राहते आणि डेव्हिसचा सुस्तावलेला आवाज त्या घुमण्याभोवती रेंगाळतो. कोळ्यांना ते ऐकवलं असतं तर त्यांना आपलं काही सापडलं नसतं, आणि लंडनच्या श्रोत्यांनाही ते काय आहे हे धड कळलं नाही. पहिल्या दहात जेमतेम पोचलं.

यार्डबर्ड्सची गोष्ट तर जवळजवळ पुराव्यासारखी आहे. 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी त्यांनी स्टुडिओत सतारवादक बोलावला. तुकडा वाजला, पण रॉकच्या धबडग्यात त्याचा जीव दिसेना. मग जेफ बेकने तोच तुकडा गिटारवर, आवाज खरवडणारी फझ पेटी लावून वाजवला. खरी सतार कचऱ्यात गेली, खोटी सतार तबकडीवर आली, आणि विजेच्या गिटारला एक नवी वाचा फुटली. हॅरिसनने डिसेंबरात आलेल्या 'नॉर्वेजियन वूड'मध्ये प्रत्यक्ष सतार वाजवली, तीही गिटारवाल्याच्या हाताने. आपल्या कानाला ती आजही कच्ची वाटते. त्याला ते कळत होतं म्हणूनच तो १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईला ताजमध्ये येऊन राहिला आणि रविशंकरांकडे बसला. त्याआधी एप्रिलमध्ये बीटल्सच्या 'लव्ह यू टू'ला तबला धरायला लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत अनिल भागवत आले होते. ते गाणं असलेल्या 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे, आणि जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रॉक अल्बमांपैकी एकाच्या पाठीवर 'भागवत' वाचताना मराठी माणसाला जरा गुदगुल्या होतातच.

उलट दिशेनेही वाहतूक चालूच होती. त्याच १९६५ मध्ये 'जानवर' चित्रपटात शंकर-जयकिशनने बीटल्सच्या 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची चाल शम्मी कपूरसाठी जवळजवळ सुरासुराने उतरवली. ते गाणं मजेदार आहे, पण त्यातून पुढे काही उगवलं नाही. नक्कल फार नीट झाली होती ना!

'रिव्हॉल्व्हर'चं शेवटचं गाणं 'टुमारो नेव्हर नोज'. अल्बमसाठी ध्वनिमुद्रित झालेलं ते पहिलं. जवळजवळ सगळं एका कॉर्डवर. मॅकार्टनीने घरी टेपच्या तुकड्यांची टोकं जोडून गोल पट्ट्या केल्या होत्या. त्या वेगवेगळ्या यंत्रांवर चढवल्या आणि माणसं पेन्सिलीने त्या ताणून धरत उभी राहिली. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून बोलणाऱ्या दलाई लामासारखा हवा होता. अवघ्या विशीतल्या जेफ एमरिकने तो ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून काढला. दलाई लामासारखं ते अर्थातच वाटत नाही. कशासारखंच वाटत नाही.

चोरीच्या दाव्यांकडे आता वळायला हवं, कारण या विषयात वकील कलावंतांच्या एक पाऊल मागेच चालत असतात. हॅरिसनचं 'माय स्वीट लॉर्ड' १९७० चं. ते शिफॉन्सच्या १९६३ च्या 'ही'ज सो फाइन'शी जुळतं म्हणून खटला झाला. १९७६ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन यांनी निकाल दिला की चोरी झाली आहे, पण अजाणतेपणी. हे ओवेन स्वतः ऑपेरा लिहीत, हे विशेष. मनाच्या तळाशी बसलेली धून वर आली आणि माणसाला ती स्वतःची वाटली, हे त्यांना पटलं आणि तरी त्यांनी दोष दिला. गाणाऱ्या कुणालाही झोप उडवणारा हा निकाल आहे.

माझा लाडका किस्सा मात्र नील इनिसचा. सत्तरच्या दशकात एरिक आयडलबरोबर त्याने बीटल्सची थट्टा करणारा रटल्स हा खोटा गट उभा केला आणि त्यासाठी हुबेहूब बीटल्ससारखी वाटणारी नवीन गाणी रचली. इतकी हुबेहूब, की लेनन-मॅकार्टनीच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने रॉयल्टीत मोठा वाटा मागितला आणि इनिसला तो द्यावा लागला. १९९४ च्या डिसेंबरात ओएसिसचं 'व्हॉटेव्हर' आलं. त्याची चाल इनिसच्याच एका जुन्या गाण्याशी जुळत होती. या वेळी वाटा इनिसला मिळाला. बीटल्सच्या नकलेसाठी दंड भरलेल्या माणसाला बीटल्सच्या दुसऱ्या नकलाकाराने भरपाई दिली!

व्हर्वच्या 'बिटर स्वीट सिम्फनी'ची साखळी याहून लांब, आणि कडू. १९९७ चं हे गाणं व्हायोलिनच्या ज्या लाटेवर उभं आहे, ती रोलिंग स्टोन्सच्या 'द लास्ट टाइम'च्या वाद्यवृंदी आवृत्तीतून घेतलेली. ती आवृत्ती अँड्र्यू ओल्डमच्या नावावर, मांडणी डेव्हिड व्हिटेकरची. स्टोन्सचं मूळ गाणं स्टेपल सिंगर्सच्या भक्तिगीतावर बेतलेलं. वाद झाला तेव्हा स्टोन्सच्या जुन्या गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या अ‍ॅलन क्लाइनने सगळी रॉयल्टी आपल्याकडे वळवली आणि श्रेयात जॅगर-रिचर्ड्सची नावं घातली. शब्द लिहिणारा रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट रिकाम्या हाती. जॅगर आणि रिचर्ड्सने आपला हक्क त्याला परत केला तो २०१९ मध्ये. व्हायोलिनची ती लाट ज्याने मांडली तो व्हिटेकर या हिशेबात कुठेच नाही, आणि स्टेपल सिंगर्सही नाहीत.

आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाणं सरळ छापलेलं असे. लावणी असो, कानडी पद असो, घेतलं ते सांगितलं. त्याने किर्लोस्करांची उंची बोटभरही कमी झाली नाही. ब्रिटिश पॉपमध्ये ही प्रथा असती तर कित्येक वकिलांना दुसरा धंदा पाहावा लागला असता.

ऐंशीच्या दशकातून मी भरभर जातो, फक्त दोन ठिकाणी थांबतो. मँचेस्टरच्या स्मिथ्सचा जॉनी मार मनाने साठच्या दशकातला, 'पॅनिक'मध्ये टी. रेक्सचं 'मेटल गुरू' उघड दिसतं. पण 'हाउ सून इज नाउ?'मध्ये त्याला आणि निर्माता जॉन पोर्टरला गिटारचा आवाज थरथरता हवा होता. चार फेंडर अँप लावले, दोघांनी दोन-दोन वाटून घेतले आणि थरथरीचा वेग हाताने गाण्याच्या ठेक्याशी जुळवत राहिले. सुटला की टेप मागे, पुन्हा पुढे. काही सेकंदांचे तुकडे जोडून ते पाणबुडीसारखं घरघरणारं गाणं झालं. यंत्राने आपोआप जमलं असतं तर ते इतकं अस्वस्थ वाटलं नसतं.

दुसरं ठिकाण क्रिएशन ही लंडनची छोटी कंपनी, आणि इथे मला पक्ष घ्यायचा आहे. डब्लिनमध्ये जमलेला माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा गट सुरुवातीची काही वर्षं जीझस अँड मेरी चेनसारख्यांच्या छायेत होता, अगदी ओळखू येईल इतका. मग केव्हिन शील्ड्सने गिटारची ट्रेमोलोची दांडी मुठीत धरूनच तारा छेडायला सुरुवात केली. प्रत्येक कॉर्ड किंचित खाली-वर डोलू लागली, दरबारीच्या आंदोलित गंधारासारखी, फक्त इथे अख्खी कॉर्ड डोलते. 'लव्हलेस' हा अल्बम १९९१ च्या नोव्हेंबरात आला. त्यासाठी दोन वर्षं आणि एकोणीस स्टुडिओ लागले. खर्च किती झाला यावर शील्ड्स आणि कंपनीचा मालक अ‍ॅलन मॅगी यांचं कधी जुळलं नाही. मॅगीच्या मते कंपनी बुडायला आली. त्याने गटाला निरोप दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीचा जवळजवळ अर्धा हिस्सा सोनीला विकला. १९९३ च्या मे महिन्यात ग्लासगोच्या किंग टट्समध्ये त्याने एक अनोळखी गट ऐकला आणि तिथल्या तिथे करार देऊ केला. तो ओएसिस.

म्हणजे एकाच माणसाने एकाच खिशातून आधी 'लव्हलेस'ला आणि मग ओएसिसला पैसे दिले. हिशेबाने दुसरा निर्णय शहाणपणाचा. १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन रात्रींत अडीच लाख लोक आले. तिकिटं मागणारे पंचवीस लाखांहून जास्त होते. पण ओएसिसची उसनवारी उघड होती: 'शेकरमेकर'मध्ये कोका-कोलाच्या जाहिरातीतून गाजलेली न्यू सीकर्सची चाल, 'सिगरेट्स अँड अल्कोहोल'मध्ये टी. रेक्सचा रिफ (जो मार्क बोलनने चक बेरीकडून आणला होता), 'डोन्ट लुक बॅक इन अँगर'च्या तोंडाशी 'इमॅजिन'चा पियानो. याच काळात इलॅस्टिकाने वायर आणि स्ट्रँगलर्स यांच्या रिफांवरून गाणी केली आणि दोघांशी कोर्टाबाहेर तडजोड केली. निदान त्यांना गाणं तीनेक मिनिटांत आटोपायचं कळत होतं.

ओएसिसवर मी उगाच खार खाऊन नाही. पहिल्या अल्बममध्ये गायक लिअम स्वर ताणतो ते कुणाचंच उसनं नाही. लेनन आणि पंक गायक जॉनी रॉटन दोघंही एकाच वेळी व्हायला गेला आणि कुणीच झाला नाही, तिथे तो ऐकण्यासारखा आहे. अडचण नोएलच्या कानाची. तो फार चांगला आहे. बीटल्सच्या तबकड्या त्याच्या घरातल्याच, भाषा तीच, शहर तासाभरावरचं. चुकायला जागाच राहिली नाही. १९९७ च्या 'बी हिअर नाउ'पर्यंत तर तो ओएसिसचीच नक्कल करू लागला, गिटारीवर गिटारी चढवून, काही गाणी सात ते नऊ मिनिटांची करून.

त्याच सालचं रेडिओहेडचं 'ओके कम्प्युटर' शेजारी ठेवा. हाही गट उसनवारीतूनच आलेला. पहिलं गाजलेलं गाणं 'क्रीप' हॉलीजच्या 'द एअर दॅट आय ब्रीद'शी इतकं जुळलं की त्याच्या मूळ रचनाकारांची नावं घालावी लागली. पण त्यातलं लक्षात राहतं ते जॉनी ग्रीनवुडचं गिटारवरचं खडड्-खडड्. त्याला गाणं फार मिळमिळीत वाटत होतं म्हणून त्याने ते बिघडवायचा प्रयत्न केला. बिघडलं नाही.

आणि त्याच सालचा आणखी एक अल्बम, कॉर्नरशॉपचा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. लेस्टरला जमलेल्या या गटाच्या तजिंदर सिंगचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' आपल्या आशा भोसल्यांवरचं. नॉर्मन कुकने त्याची फिरवाफिरव केली आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पण मला त्यातलं शेवटचं गाणं जास्त आवडतं. 'नॉर्वेजियन वूड', पंजाबीत.

बऱ्याच वर्षांनी ते आत्याला ऐकवलं. तिचे कान आता थकलेत, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "चाल कुणाची?"

"इंग्रजांची," मी म्हणालो.

"सतार बरी लागलीय यात."

मूळ गाण्यातली सतार मी तिला ऐकवलेली नाही.